संकल्प मोडल्यावर देवासमोर कसं बसायचं?

आजचा शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र ५:२२-२३, नीतिसूत्रे २५:२८



१ जानेवारीला पहाटे पावणेसहाला मी ज्वेल ऑफ नवी मुंबईला पोचलो तेव्हा तळ्याभोवतीच्या ट्रॅकवर पाय ठेवायला जागा नव्हती. नवे बूट, नवे ट्रॅकसूट, मनगटावर नवी घड्याळं. नेरूळकरांना हे चित्र काही नवीन नाही. आज २८ जानेवारी. आज सकाळी तिथे नेहमीचीच माणसं होती : हात मागे बांधून चालणारे दोन आजोबा, बाकावर प्राणायाम करणाऱ्या एक काकू, आणि त्यांच्या पायाशी झोपलेलं कुत्रं. मला हसू येणार होतं. पण मी स्वतःच १७ तारखेनंतर आज पहिल्यांदा उगवलो होतो.

झालं असं. वॉचनाइट उपासनेहून घरी आलो, रात्री दीड वाजता लॅपटॉप उघडला आणि गूगल शीट बनवलं. (इंजिनीअर माणूस, दुसरं काय करणार!) चार ओळी होत्या. फोन हातात घेण्याआधी शास्त्रवाचन आणि प्रार्थना. पहाटे तळ्याला दोन फेऱ्या. रात्री साडेनऊला नगरला पप्पांना फोन. आणि चौथी, घरात आवाज चढवायचा नाही. पाळलं की हिरवा चौकोन, चुकलं की लाल. १६ दिवस शीट हिरवंगार. १७ तारखेच्या रात्री ऑफिसात रिलीज अडकलं, पप्पांना फोन राहिला, घरी यायला पावणेतीन वाजले. दुसऱ्या दिवशी साडेआठला डोळे उघडले ते फोनच्या स्क्रीनवरच. प्रार्थना लाल, फेऱ्या लाल. संध्याकाळी मुलीने होमवर्कच्या वहीवर दूध सांडलं आणि चौथा चौकोनही गेला.

त्यानंतर मी ते शीट उघडलंच नाही. इथपर्यंत ठीक आहे, कुणाचंही होतं. पण मी प्रार्थनाही केली नाही. दहा दिवस. इथे रोज शास्त्रावर लिहिणारा माणूस मी, आणि त्या दिवसांतलं लिखाण आधीच तयार करून ठेवलेलं होतं, त्यामुळे तुम्हाला कुणाला कळलंही नाही. लाल चौकोन बघायला लागू नये म्हणून मी देवाकडेच जायचं टाळत होतो.

म्हणून आजचा प्रश्न माझाही आहे. नवीन वर्षाला देवासमोर ठरवलेली गोष्ट मोडली, तर ते पाप आहे का? की विश्वास कमी होता म्हणून मोडली? आणि संयम जर पवित्र आत्म्याचं फळ असेल, तर पहाटेचा गजर, ॲप, चौकोन या सगळ्याचं काय काम?

आधी शास्त्रात काय आहे ते पाहू. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायात पौल नऊ गोष्टी सांगतो. पहिली प्रीती, आणि अगदी शेवटची, जिला आपल्या जुन्या भाषांतरात इंद्रियदमन म्हटलंय. ग्रीक शब्द आहे एन्क्रातेइया. त्यात ‘क्रातोस’ आहे, म्हणजे ताकद, ताबा. आणि ‘फळ’ हा शब्द मूळ भाषेत एकवचनी आहे. नऊ वेगळी फळं नाहीत, एकच फळ आहे आणि त्याच्या नऊ बाजू आहेत. झाडाला फळ लागतं. झाड गजर लावून उठत नाही. मग मी का उठायचं?

पण हाच पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायात, त्याच शब्दाचं क्रियापद पैलवानांसाठी आणि धावणाऱ्यांसाठी वापरतो. करिंथच्या जवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरायचे. जिंकणाऱ्याला पाल्याचा मुकुट मिळायचा, जो चार दिवसांत सुकायचा. त्या सुकणाऱ्या पाल्यासाठी माणसं तोंडावर ताबा ठेवतात, शरीर घासतात, असं पौल म्हणतो, आणि आपल्याकडे बोट दाखवतो. म्हणजे एकीकडे फळ, एकीकडे घाम. पौलाला यात काही विसंगती वाटलेली दिसत नाही. फिलिप्पैकरांच्या दुसऱ्या अध्यायात, १२ आणि १३ या लागोपाठच्या वचनांत तो दोन्ही गोष्टी सांगतो : तुम्ही झटा, कारण तुमच्या आत देव काम करतो आहे. ते ‘कारण’ मला फार दिवस कळलं नव्हतं. मी ‘म्हणजे मग देव काम करील’ असं वाचत होतो.

आणि तसं वाचलं की संकल्पाचा नवस होतो. आपण ख्रिस्ती लोक नवस बोलत नाही असं मोठ्या अभिमानाने सांगतो. शेजारच्या काकूंनी एकवीस मंगळवार धरले की आपण मनात हसतो. पण ३१ डिसेंबरच्या रात्री पुष्कळांच्या मनात काय चाललेलं असतं ते जरा प्रामाणिकपणे बघा. प्रभू, मी यंदा रोज पहाटे उठतो, उपवास धरतो, तू प्रमोशनचं बघ. व्हिसाचं बघ. लग्नाचं बघ. हा सौदाच आहे, फक्त नारळ नाही. उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा. आपण हे वचन मोडलेल्या संकल्पाच्या धास्तीने वाचतो. मला वाटतं ते त्याआधीच आपल्याला अडवतंय : देवाशी सौदा करू नकोस, तुझ्याकडे द्यायला आहे काय?

वॉचनाइट ही तशी आपल्याकडे बाहेरून आलेली प्रथा. १८व्या शतकात मेथडिस्टांनी ती मोरेव्हियन मंडळींकडून उचलली आणि मिशनऱ्यांबरोबर ती आपल्या नगर, पुणे, मुंबईच्या देवळांत पोचली. मला ती प्रिय आहे. रात्री बारा वाजता दिवे मालवून गुडघ्यावर असलेली मंडळी, बाहेर फटाके, आत कुणाचं तरी हुंदके देणं. लहानपणापासूनची माझी सगळ्यात पवित्र आठवण तीच आहे. पण त्या एका रात्रीत वर्षाचा साठा करून ठेवता येतो असं आपल्याला वाटतं, तिथे चुकतं. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना आठवा. काही लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, तर सकाळी त्यात किडे पडले आणि घाण वास सुटला. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट गोळा करायचा, एरवी रोजचा रोज. ३१ डिसेंबरच्या निर्धाराला माझ्याकडे १८ दिवसांत किडे पडले.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण या दहा दिवसांत मला माझं वागणं तिच्यामुळेच कळलं. एक प्रोग्रॅम दुसऱ्या सर्व्हरला काही विचारतो आणि उत्तर येत नाही, तेव्हा तो पुन्हा प्रयत्न करतो. पण लगेच नाही. आधी एक सेकंद थांबतो, मग दोन, मग चार, मग आठ. दर वेळी दुप्पट. याला आम्ही बॅकऑफ म्हणतो. कारण सरळ आहे : समोरचा सर्व्हर आधीच ओझ्याखाली असेल, तर हजार जणांनी एकदम दार ठोठावून त्याला आणखी मारू नये. मी देवाशी नेमकं हेच करत होतो. एक दिवस चुकला, म्हणून दुसऱ्या दिवशी लाज वाटली. दोन दिवस गेले, म्हणून आणखी चार दिवस तोंड दाखवावंसं वाटेना. जितकं चुकायचं तितकं परत जायचं अंतर वाढत जायचं. आणि मी याला नम्रता समजत होतो! देव माझ्या चुकांनी दमलेला आहे, त्याला जरा सावरू द्यावं, असा काहीतरी माझा आतला हिशोब असणार. मोठ्याने म्हटलं की किती हास्यास्पद वाटतं.

मित्रांनो, मला या बाबतीत एका बाईंचा फार आधार वाटतो. पंडिता रमाबाई. त्यांचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. शाळेच्या पुस्तकात चार ओळी, त्यात शारदा सदन आणि समाजसुधारणा. मला त्यांच्या आयुष्यातले मोडलेले बेत जास्त जवळचे वाटतात.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला निघाल्या त्या डॉक्टर व्हायला. २५ वर्षांची विधवा, कडेला दोन वर्षांची मनोरमा. आईवडील दुष्काळात गेलेले, नंतर भाऊ, मग नवरा. इथल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवत नाहीत आणि मरतात, म्हणून वैद्यकी शिकायची, हा बेत. यापेक्षा चांगला संकल्प कुणी काय करील? पण त्यांचं ऐकू येणं कमी होत चाललं होतं, आणि त्या बहिरेपणामुळे वैद्यकीचं शिक्षण शक्य झालं नाही. संपलं. त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे ज्या वर्षी प्रभूने त्यांना धरलं, त्याच सुमाराला ज्यासाठी घर सोडलं तेच हातातून गेलं.

पुढे १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. दोघी नात्यातल्या. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तिथेच थांबलो होतो. जे आपल्याला मिळालं नाही ते दुसरीला मिळताना बघायला समुद्र ओलांडून जायचं. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही, आणि बनवून सांगण्याचा मोह मी टाळतो.

मग १८८९ला मुंबईत शारदा सदन, पुढे ते पुण्याला, मग दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावचं मुक्ती. शेकडो मुलींचं जेवण, आजारपण, शिकवणं, विहिरी, शेती. आणि या सगळ्या गर्दीत, आयुष्याच्या शेवटच्या दीड दशकाहून जास्त काळ, त्यांनी एक काम धरून ठेवलं : पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर. इंग्रजीवरून नाही. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक. असलेलं भाषांतर खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला जड जातं, म्हणून तिला कळेल अशा सोप्या मराठीत. संस्कृतची पंडिता आणि ती सोपं लिहायला बसली! छपाईही मुक्तीतच, तिथल्या मुलींनी खिळे जुळवून. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक, आणि मुक्तीचा पुढचा भार जिच्यावर टाकायचा ती. काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. ते शास्त्र पूर्ण छापून बाहेर आलं १९२४ला.

मी हे ‘बघा किती शिस्त’ म्हणून सांगत नाहीये. तसं सांगितलं तर तुम्हाला आणखी एक लाल चौकोन दिल्यासारखं होईल. मला दिसतं ते वेगळंच. डॉक्टरकीचा संकल्प मोडला, पण ज्या बायकांसाठी तो केला होता त्या बायका रमाबाईंच्या डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत. माझ्या शीटमध्ये नेमका हाच रकाना नव्हता. ‘पप्पांना फोन’ असं लिहिलं होतं, पण त्या ओळीत पप्पा कुठे होते? हिरवा चौकोन होता. खरं सांगायचं तर ९ की १० तारखेला मी त्यांच्याशी बोलत असतानाच एका हाताने तो चौकोन हिरवा केला होता.

शिस्त ही स्वतःहून चांगली गोष्ट नाही, हे जोनाथन एडवर्ड्सकडे बघून कळतं. अमेरिकेतला हा मोठा उपदेशक. ऐन विशीच्या उंबरठ्यावर, १७२२-२३ या काळात, त्याने स्वतःसाठी ७० संकल्प लिहिले. आठवड्यातून एकदा ते वाचायचे असंही ठरवलं. वर सुरुवातीलाच कबूल केलं की देवाच्या मदतीशिवाय यातलं काही जमणार नाही. ख्रिस्ती तरुणांना हे संकल्प अजूनही वाचायला देतात. आणि याच माणसाने १७३१ साली न्यूपोर्टला जाऊन एक गुलाम मुलगी विकत घेतली. पावती आहे. ७० संकल्पांतला एकही आड आला नाही. इतका काटेकोर माणूस, रोज स्वतःला तपासणारा, आणि जे तपासायचं होतं तिकडे नजरच गेली नाही. मी त्याला दगड मारत नाहीये. माझ्या यादीतही काय काय लिहिलेलंच नाही, देव जाणे.

बरं, सवयींबद्दल दोन शब्द, कारण युवक संघातले मित्र हमखास विचारतात : दादा, २१ दिवसांत सवय लागते ना? नाही लागत. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर लोकांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान इतके दिवस जातात, असं त्याचं निरीक्षण होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१०च्या अंकात छापून आला. तिथे सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८, कुणाला २५४. आणि मला महत्त्वाचं वाटलं ते हे की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे १७ तारखेच्या रात्रीने माझं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते त्यानंतरच्या दहा दिवसांनी.

नीतिसूत्राकडे येतो. ज्याचा स्वतःवर ताबा नाही तो तटबंदी पडलेल्या शहरासारखा, असं शलमोन म्हणतो. मी हे नेहमी भिंतीचं वचन म्हणून वाचत आलो. जाड भिंत बांधा, आत काही येता कामा नये. पण आज तळ्याला फेरी मारताना वाटलं की माझं शहर भिंतीवर उभंच नाहीये. तुम्हाला माहीत असेल, ज्वेलचं तळं हे शोभेचं तळं नाही, ते धारण तलाव आहे. नेरूळ, वाशी, बेलापूर ही सगळी सखल जमीन. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी वर चढतं. सिडकोने शहर आखताना बांध तर घातलेच, पण ठिकठिकाणी हे तलाव ठेवले. भरती आली की खाडीकडच्या झडपा मिटतात आणि शहरात पडलेला पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की झडपा उघडतात, पाणी निघून जातं. भरतीवर कुणी विजय वगैरे मिळवत नाही. ती दिवसातून दोनदा येतेच. फक्त मधल्या वेळात धरून ठेवायला जागा लागते. आणि त्या जागेत गाळ साठतो. पावसाळ्याच्या तोंडावर इथल्या पेपरात दरवर्षी बातमी असते : धारण तलावांत गाळ, खारफुटी वाढली, परवानग्या अडकल्या, यंदा पाणी तुंबणार का?

मुलीने दूध सांडलं तेव्हा माझ्यात जागाच नव्हती. रिलीज, झोप, ऑफिसातलं बोलणं, सगळं काठोकाठ. सकाळचा तो पाऊण तास मी ‘पाळायची गोष्ट’ समजत होतो. तो गाळ काढण्याचा वेळ होता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. सोपी नाही, पण पप्पांना विचारून लिहितोय.

पप्पा तंबाखू खायचे. वर्कशॉपमधली नोकरी, तिथे सगळेच खायचे. दर वॉचनाइटला उपासनेनंतर ते देवळाच्या मागच्या नळापाशी जायचे आणि चुन्याच्या डबीसकट पुडी फेकायचे. मम्मी रडायची, मला अभिमान वाटायचा. आणि दहा-बारा जानेवारीपर्यंत त्यांच्या शर्टाच्या खिशात नवी डबी. हे मी सात-आठ वर्षं बघितलं. मी सतरा वर्षांचा होतो, युवक संघाचा सेक्रेटरी, बारावीचा अभ्यास, पहाटे चारला उठणारा, एकही दिवस न चुकणारा. त्या वर्षी जानेवारीत त्यांच्या खिशात डबी दिसली आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “पप्पा, तुम्ही दरवर्षी देवाशी खोटं बोलता. तुमच्यात विश्वासच नाही.” ते काही बोलले नाहीत. पुढच्या वॉचनाइटला ते नळापाशी गेले नाहीत. मला वाटलं, बरं झालं, नाटक तरी संपलं.

तंबाखू त्यांनी नंतर सोडली. केव्हा ते मला नक्की माहीत नव्हतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर होतो, एका सुट्टीत लक्षात आलं की खिसा रिकामा आहे. विचारलं नाही कधी.

परवा, २६ तारखेला, नऊ दिवसांनी मी त्यांना फोन केला. आधी सुट्टीच्या गप्पा झाल्या, मग म्हटलं, “पप्पा, रोज फोन करीन म्हणालो होतो, जमलं नाही. सॉरी.”

ते हसले. “नऊ दिवसच ना रे? मी तर अकरा वर्षं फेकत होतो डबी.”

मग मी विचारलं, सुटली कशी ते. ते म्हणाले, जून महिना होता, काही खास नव्हतं. दात घासताना आरशात बघून नुसतं म्हणायचो, प्रभू, आज नको. एवढंच. कधी दुपारी खाल्ली. तरी दुसऱ्या दिवशी दात घासताना परत, आज नको. “संध्याकाळपर्यंतचंच मागायचो. जास्त मागायची मला लाजच वाटायची.” किती दिवस लागले त्यांनी मोजलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, मोजलं असतं तर सुटली नसती.

मी थोडा वेळ गप्प होतो. मग जे वीस वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. “मी तेव्हा बोललो होतो, त्याचा काही उपयोग झाला का?”

मला वाटतं मला ‘हो’ ऐकायचं होतं. कुठेतरी असं वाटत आलंय की माझ्या त्या कठोर बोलण्याने त्यांना जाग आली असेल.

“नाही लेकरा,” ते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. “तू बोललास आणि मी वर्षभर प्रार्थनेला बसलो नाही. म्हटलं, पोरगं खरं बोलतंय, आपण देवाशी खोटं बोलतो. मग कशाला तोंड दाखवायचं.”

मित्रांनो, मी इथे त्यावर काही शिकवण काढू शकत नाही. वर्षभर. मी दहा दिवस देवापासून लपलो त्याचं मला एवढं वाटलं, आणि माझ्या तोंडच्या एका वाक्याने माझा बाप एक वर्ष लांब राहिला. दर वर्षी नळापाशी डबी फेकणारा तो माणूस खोटं बोलत नव्हता. तो परत येत होता. सात-आठ वर्षं मी ते बघत होतो आणि मला फक्त खिशातली डबी दिसली. यशया ४२:३मध्ये प्रभूच्या सेवकाबद्दल लिहिलंय की विझत आलेली वात तो विझवणार नाही. ती वात मी फुंकली होती, तीसुद्धा शास्त्रवचनं पाठ असलेल्या तोंडाने.

मी माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ दे, जेवलास का. मग मम्मीने फोन घेतला आणि विषय वांग्याच्या भरतावर गेला.

तर मोडलेला संकल्प पाप आहे का? माझं मत सांगतो, पटलं तर बघा. दोन फेऱ्या चुकल्या हे पाप नाही, ती चुकलेली फेरी आहे. त्याबद्दल रडण्यात बहुतेक वेळा आपला स्वतःबद्दलचा गर्वच दुखावलेला असतो. पण मुलीवर ओरडलो, ते पाप आहे, आणि संकल्प केला नसता तरी होतंच. तिथे ‘देव समजून घेतो’ म्हणून सुटता येत नाही, कारण समोर मुलगी आहे. तिच्यापाशी मी २६ तारखेच्या रात्री गेलो. तिला ती वही आठवतही नव्हती. “कुठलं दूध?” म्हणाली. पण पुढे म्हणाली, “तू परवा पण ओरडलास, ते मला आठवतंय.” परवाचं माझ्या लक्षातच नव्हतं. शीट बंद होतं ना.

शीट मी काल डिलीट केलं नाही. चौकोन काढून टाकले, नावं ठेवली. आज सकाळी फोनआधी प्रार्थनेला बसलो तेव्हा पहिली पाच-सात मिनिटं काही बोलताच आलं नाही. मग पप्पांचे ते दोन शब्द उसने घेतले, माझ्या गोष्टीसाठी. आणि तळ्याला दोनऐवजी एकच फेरी मारली, कारण उशीर झाला होता. रात्री साडेनऊला फोन आहे.

तुमच्यापैकी कुणी डबी फेकून परत घेतली असेल, किंवा कुणाच्या खिशात ती बघितली असेल, तर मला जरूर लिहा. उद्या विलापगीताचा तिसरा अध्याय वाचूया, वचनं १९ ते २६.